नकाराची रीत

मुलांसाठी सुरक्षित ब्राउझर किंवा फिल्टर निवडायचा म्हटले की आपण वैशिष्ट्यांची यादी बघतो. किती प्रकारच्या साइट अडवतो, किती फोनवर चालतो, फुकट आहे की वर्गणी, वेळेची मर्यादा घालता येते का. ही यादी बघायलाच हवी, पण तिच्यावरून साधनाचा स्वभाव कळत नाही. तो कळतो नकाराच्या क्षणी. मुलाने काहीतरी शोधले आहे, बोट दाबले गेले आहे आणि साधनाला ‘नाही’ म्हणायचे आहे. आता पडद्यावर काय येते? कारण सांगितले जाते का? कुणाला विचारायचे ते कळते का? की नुसतेच सगळे ठप्प होते आणि मूल गोंधळून बसते? बनवणाऱ्याने मुलाला काय मानले आहे, हे त्या एका पानावर स्वच्छ वाचता येते. म्हणून मी अशी साधने नेहमी त्यांच्या नकाराच्या पानापासून वाचायला घेते. नातेवाइकांचे, शेजाऱ्यांचे फोन लावून देता देता ही सवय लागली आणि तिने मला क्वचितच चुकीच्या दिशेला नेले.

सुरुवात सगळ्यात अबोल साधनापासून करू. क्लाउडफ्लेअर या कंपनीने १ एप्रिल २०२० रोजी कुटुंबांसाठी दोन पत्ते खुले केले. १.१.१.२ हा पत्ता घातक सॉफ्टवेअर पसरवणाऱ्या साइट अडवतो, १.१.१.३ हा त्यांच्याबरोबर अश्लील साइटही अडवतो. दोन्ही फुकट, खाते उघडायची गरज नाही. यामागची यंत्रणा समजून घेतली की तिची नजाकत दिसते. आपण साइटचे नाव टाइप करतो, पण फोनला लागतो आकडी पत्ता. नावावरून पत्ता शोधून देण्याचे काम डीएनएस करते. १.१.१.३ ला एखाद्या नको त्या साइटचे नाव विचारले, की ते उत्तर देते ०.०.०.०, म्हणजे कुठेच न पोचणारा पत्ता. बस. वाद नाही, इशारा नाही, लाल अक्षरे नाहीत. इतक्या कमी हालचालीत एवढे काम करणारी गोष्ट मला सुंदर वाटते. ती मुलाचे खाते मागत नाही, वय विचारत नाही, मुलाने पानावर काय वाचले ते तिला दिसतच नाही.

दिसत नाही, हाच तिचा गुण आणि हीच तिची मर्यादा. पोस्टमन पाकिटावरचा पत्ता वाचतो, आतले पत्र वाचत नाही; डीएनएसचे तसेच आहे. यूट्यूब हे एकच नाव तिच्यापुढे येते. त्या नावाखाली गणिताचा तास लागला आहे की आणखी काही, ते तिला कळण्याची सोय नाही. मराठी वाचकाला मात्र यात एक मोठा फायदा आहे. पत्त्याला भाषा नसते. इंग्रजी शब्दांच्या याद्या करून बसलेल्या फिल्टरला मराठीतली घाण ओळखता येत नाही आणि मराठीतले सभ्य पान सभ्य आहे हेही कळत नाही. पत्त्यावर चालणारी यंत्रणा या गोंधळात पडत नाही.

आता तिच्या नकाराकडे पाहू. मुलाच्या पडद्यावर ब्राउझरची नेहमीची सूचना येते की या साइटपर्यंत पोचता येत नाही. मुलाला वाटते, रेंज गेली. ते दोनदा रिफ्रेश करते आणि कंटाळून दुसरीकडे वळते. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी हा नकार मला योग्य वाटतो. चुकून कुठेतरी बोट पडले, काही उघडलेच नाही, प्रसंग तिथेच संपला. त्या वयाला ‘तू काहीतरी वाईट करत होतास’ असे सांगणारे पान दाखवण्याची काहीच गरज नसते. बारा वर्षांच्या मुलीसाठी मात्र हाच अबोलपणा अपुरा पडतो. तिला अडवले गेले हे तिला कळतच नाही, मग तिने विचारायचे कुणाला?

पाश्चात्त्य मार्गदर्शक लेख हे पत्ते घरच्या राउटरवर लावायला सांगतात. आपल्याकडच्या पुष्कळ घरांत राउटरच नसतो. मूल आईच्या फोनवर, सिमच्या डेटावर असते. अशा घरासाठी अँड्रॉइडमधले ‘प्रायव्हेट डीएनएस’ हे सेटिंग खरे उपयोगाचे आहे. २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून ते फोनमध्ये आहे. तिथे आकडे चालत नाहीत, १.१.१.३ ऐवजी नाव लागते: फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर-डीएनएस डॉट कॉम, अर्थात रोमन लिपीत. एकदा भरले की वायफाय असो की मोबाइल डेटा, चाळणी फोनबरोबर फिरते. क्लीनब्राउझिंग नावाची दुसरी सेवा याच जागी बसते आणि स्वभावाने बरीच कडक आहे. तिची कुटुंबासाठीची चाळणी अश्लील साइट तर अडवतेच, शिवाय चाळणीला बगल देण्यासाठी वापरले जाणारे प्रॉक्सी आणि व्हीपीएनही अडवते, रेडिटसारख्या सरमिसळ मजकुराच्या साइट सरसकट बंद करते आणि गुगल, बिंग, यूट्यूब यांना सुरक्षित अवस्थेत ढकलते. घरात लहान मूल असेल तर मी हिला पसंती देईन. पण फोन आईचा आहे आणि आईला रेडिटवर काही वाचायचे आहे, अशा घरात ही सेवा आठवड्याभरात काढून टाकली जाईल. काढून टाकलेली चाळणी कितीही बारीक असली तरी तिचा उपयोग शून्य.

क्लाउडफ्लेअरच्या त्या सेवेची सुरुवातच एका चुकीने झाली होती आणि ती चूक लक्षात ठेवण्यासारखी आहे. सेवा सुरू होताच लोकांच्या ध्यानात आले की १.१.१.३ हा पत्ता समलिंगी आणि ट्रान्सजेंडर व्यक्तींना माहिती व आधार देणाऱ्या साइटही अडवत होता. साइटचे वर्गीकरण बाहेरून घेतलेले होते आणि त्यातला चुकीचा, गरजेपेक्षा रुंद गट जोडला गेला होता. कंपनीने चूक कबूल केली, माफी मागितली आणि दुरुस्ती केली. अडचणीत सापडलेले एखादे किशोरवयीन मूल नेमक्या त्याच साइटकडे आधार शोधत जात असेल, तर त्याला मिळालेल्या ०.०.०.० चा अर्थ काय होतो? अबोल नकाराची किंमत अशा वेळी मोजावी लागते, कारण चूक झाली आहे हेही मुलाला समजत नाही.

शब्दांच्या याद्यांवर चालणाऱ्या जुन्या फिल्टरांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. १९९६ मध्ये अमेरिका ऑनलाइनने इंग्लंडमधल्या स्कंथॉर्प गावच्या रहिवाशांना खाते उघडू दिले नव्हते, कारण गावाच्या नावाच्या पोटात एक अश्लील शब्द दडलेला होता. त्या काळच्या फिल्टरांनी स्तनाच्या कर्करोगाची माहिती देणारी पानेही अडवली. आपल्याकडे शितोळे आणि दीक्षित ही सरळ, घरंदाज आडनावे रोमन लिपीत लिहून पाहा, म्हणजे अशी चाळणी कुठे अडखळेल ते लगेच दिसेल. जे साधन अजूनही फक्त शब्द मोजते, ते मराठी घरासाठी घेऊच नये.

शोधाच्या निकालांची चाळणी हा वेगळा प्रकार आहे आणि इथे गुगलच्या सेफसर्चमधली एक कल्पना मला मनापासून आवडते. सेफसर्चच्या तीन अवस्था आहेत: गाळणे, धूसर करणे आणि बंद. धूसर करण्याची अवस्था २०२३ मध्ये आली. तिच्यात नको ते चित्र निकालात येते, पण पुसट होऊन येते. इथे काहीतरी आहे आणि ते झाकले आहे, एवढे पाहणाऱ्याला कळते. नकाराचा हा प्रामाणिक प्रकार आहे. अर्थात ही अवस्था मोठ्यांसाठी आणि फार तर मोठ्या होत आलेल्या मुलांसाठी. लहानांसाठी गाळणेच हवे, आणि पालकांच्या देखरेखीखालच्या तेरा वर्षांखालील खात्यांना ते आपोआप लागू असते. नेटवर्क सांभाळणाऱ्याला ते सक्तीनेही लावता येते. गुगलचे नाव विचारले की २१६.२३९.३८.१२० हा पत्ता द्यायचा, मग त्या नेटवर्कवरचा प्रत्येक गुगल शोध गाळूनच येतो. शाळेच्या संगणक कक्षात एवढे एक काम केले तरी पुष्कळ साधते. सक्ती लागू असली की सेफसर्चच्या सेटिंगमध्ये वर कुलपाचे चिन्ह दिसते. ते छोटे कुलूप मला महत्त्वाचे वाटते, कारण बंधन आहे हे ते लपवत नाही.

आता ज्या नकारासाठी हा लेख लिहावासा वाटला, त्याकडे येते. गुगलचे फॅमिली लिंक २०१७ मध्ये आले. मुलाचे वेगळे खाते उघडायचे, ते पालकांच्या खात्याशी जोडायचे आणि मुलाच्या फोनवरच्या क्रोमवर तीनपैकी एक पर्याय ठेवायचा: सगळ्या साइट चालतील, नको त्या साइट अडवायचा प्रयत्न होईल, किंवा फक्त पालकांनी मंजूर केलेल्या साइट उघडतील. मधल्या पर्यायात गुगल प्रयत्नाचेच आश्वासन देते, हमीचे नाही, आणि ते खरे बोलणे आहे. गुप्त मोड मुलाच्या क्रोममध्ये मिळत नाही. दुसरा ब्राउझर उतरवायचा तर प्ले स्टोअरवर पालकांची परवानगी लागते, म्हणून ती फटही बुजते. एक फट राहते: एखाद्या ॲपच्या पोटातच उघडणारी वेबपाने क्रोमच्या चाळणीतून जात नाहीत. त्यासाठी खाली डीएनएसची चाळणी ठेवलेली बरी.

पण खरी गंमत नकाराच्या पानात आहे. साइट अडली की मुलाला साध्या भाषेत कळते की ही साइट बंद आहे आणि परवानगी मागता येईल. मागण्याचे दोन मार्ग आहेत. पालक शेजारी असतील तर त्यांनी तिथेच, त्याच फोनवर मंजुरी द्यायची. नसतील तर बटण दाबायचे आणि विनंती पालकांच्या फोनवर पाठवायची.

माझी बहीण एका बँकेत काम करते. तिच्या दहा वर्षांच्या मुलीकडे आईचा जुना फोन आहे, त्यावर फॅमिली लिंक आहे आणि क्रोम तिसऱ्या, म्हणजे मंजूर साइटच्या पर्यायावर आहे. दिवाळीच्या सुट्टीत अंगणात राजगड बांधायचे ठरले. पद्मावती आणि सुवेळा माच्या मातीतून उभ्या राहिल्या, गाडी अडली संजीवनी माचीवर, कारण तिथली तटबंदी दुहेरी, चिलखती आहे आणि दोन भिंतींमधली जागा मातीत कशी दाखवायची ते पोरीला उमजेना. तिने शोध घेतला, गडावर भटकणाऱ्या कुणाच्या तरी साइटवर बोट ठेवले आणि नकार आला. ती रुसली नाही. विनंतीचे बटण दाबले आणि पुन्हा माती मळायला गेली. तिकडे काउंटरवरची गर्दी ओसरल्यावर बहिणीने फोन पाहिला. साइटचा पत्ता समोर होता, तिने स्वतः ती साइट उघडून चाळली आणि मंजूर केली. संध्याकाळी घरी आल्यावर पहिला प्रश्न तिनेच विचारला, “काय गं, दोन भिंतींच्या मधून मावळे जातील एवढी जागा ठेवलीस ना?”

या प्रसंगात साधनाने काय केले ते बारकाईने पाहावे. त्याने अडवले, पण दार लावून घेतले नाही. त्याने निर्णय स्वतःकडे न ठेवता आईकडे दिला. आणि मुलगी काय बांधते आहे, कुठे अडली आहे, हे आईला ऑफिसात बसून कळले. नकार हा मायलेकींच्या बोलण्याचा विषय झाला. मी पाहिलेल्या साधनांत या पानाइतके समंजस पान दुसरे नाही. यात एक अट आहे, ती मात्र यंत्राच्या हातात नाही. विनंती आली की पालकांनी उत्तर दिले पाहिजे. दोन-तीन विनंत्या दिवसभर तशाच लटकून राहिल्या की मूल बटण दाबणे सोडून देते आणि शेजारच्या मित्राचा फोन मागते.

फॅमिली लिंकचे आणखी एक मला पटलेले अंग म्हणजे ते काय करत नाही. पालकांना मुलाचा पडदा दुरून पाहता येत नाही, संदेश वाचता येत नाहीत, फोनवरचे बोलणे ऐकता येत नाही. बाजारात याच्या उलट जातीची साधने भरपूर आहेत. ती मुलाच्या नकळत बसतात, प्रत्येक संदेश, प्रत्येक फोटो, प्रत्येक अक्षर आईवडिलांपर्यंत पोचवतात आणि सुरक्षिततेच्या नावाने विकली जातात. ही साधने नकार देतच नाहीत, ती फक्त पाहत राहतात. मला ती घातक वाटतात. ज्या मुलाला आपल्यावर लपून नजर ठेवली जाते हे एक दिवस कळते, ते खऱ्या संकटात, कुणी अनोळखी माणूस फोटो मागत असताना, आईकडे येणार नाही. शिवाय मुलाचे सगळे खासगी जगणे कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन पडते, ते वेगळेच. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्ती मूल धरली आहे, आणि कंपन्यांनी मुलांचा माग काढणे, त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवणे, त्यांना हेरून जाहिराती दाखवणे यांना त्याच्या नवव्या कलमात मनाई आहे. कंपनीने करू नये असे जे कायदा म्हणतो, ते आपण पैसे मोजून कंपनीकडून करून का घ्यायचे?

यूट्यूब किड्सविषयी थोडक्यात. भारतात ते २०१६ मध्ये आले. २०१७ मध्ये लहानांच्या ओळखीच्या कार्टून पात्रांना हिंसक, किळसवाण्या प्रसंगांत घालणाऱ्या चित्रफिती यूट्यूबच्या चाळणीतून निसटल्या आणि जगभर ओरड झाली. पुढच्या वर्षी त्यात ‘फक्त मंजूर केलेले’ हा पर्याय आला. तो लावला की शोधाची खिडकीच बंद होते आणि पालकांनी निवडलेले तेवढेच दिसते. हा पर्याय लावूनच ॲप वापरावे. आणि एक गोष्ट नक्की करावी: पालकांच्या सेटिंगचे दार उघडायला हे ॲप गुणाकाराचे उत्तर विचारते. आपल्याकडे दुसरी-तिसरीतली मुले पाढे पाठ म्हणतात. त्यांना सहा साते बेचाळीस सांगायला क्षणही लागत नाही. म्हणून तिथे स्वतःचा चार आकडी संकेतांक घालून ठेवावा, ती सोय ॲपमध्येच आहे.

आतापर्यंत सगळे अडवण्याचे झाले. पण मंजूर साइटचा पर्याय निवडला की प्रश्न उलटतो: मंजूर काय करायचे? जर्मनीने या प्रश्नावर फार पूर्वीपासून कष्ट घेतले आहेत. १९९७ मध्ये हॅम्बुर्गमध्ये ‘ब्लिंडे कू’ नावाचे मुलांचे शोधयंत्र सुरू झाले. आपल्या आंधळ्या कोशिंबिरीचे हे जर्मन नाव. गुगल तेव्हा कंपनीसुद्धा झाली नव्हती. तिथे माणसे पाने वाचून, मुलांना समजतील अशी निवडून यादीत घालत. २००७ मध्ये ‘फ्रागफिन’ आले. मुलांना माध्यमे शिकवणाऱ्या जाणकारांनी तपासलेल्या साइटची यादी हाच त्याचा पाया, यादीबाहेरचे तिथे सापडतच नाही. यंत्राने जग गाळून उरलेले देणे आणि जाणत्या माणसाने एकेक वेचून देणे, या दोन रीतींत मला दुसरी श्रेष्ठ वाटते. तिच्यात नकाराची पाळीच कमी येते, कारण मूल जिथे जाते तिथे काहीतरी घेण्यासारखे असते.

मराठीत अशी सार्वजनिक, कुणी तरी सतत सांभाळलेली यादी हवी आहे. तोवर ती घरोघरी करावी लागेल, आणि सामग्री आपल्याकडे नाही असे मुळीच नाही. मराठी विश्वकोश नेटवर आहे, मुलांसाठीचा कुमार विश्वकोशही आहे. प्रथम बुक्सचे स्टोरीविव्हर २०१५ पासून आहे, तिथे मराठी चित्रगोष्टी मोफत वाचता येतात आणि मुलाला स्वतः गोष्ट रचताही येते. अरविंद गुप्तांच्या साइटवर टाकाऊतून खेळणी करण्याच्या कृती आहेत आणि मराठी पुस्तकांचा मोठा साठा आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके आहेत. या चार-पाच नावांवर मंजूर यादी सुरू करता येते, आणि मग राजगडासारख्या विनंत्यांनी ती वाढत जाते. वर्षाअखेरीला ती यादी उघडून वाचली तर त्या मुलाच्या वर्षभराच्या कुतूहलाची नोंदच हाती येते.

जिथे नेट तुटक असते, किंवा घरच्यांना मुलाने नेटवर जायलाच नको असते, तिथे किविक्स आहे. एमॅन्युएल एंगेलहार्ट आणि रेनो गोदँ यांनी उभारलेल्या या मोफत सॉफ्टवेअरने संपूर्ण विकिपीडिया एका फाइलमध्ये उतरवून घेता येतो आणि नेटशिवाय वाचता येतो. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया फोनच्या कार्डात सहज मावतो. फोन विमान मोडवर टाकायचा आणि मुलाच्या हातात द्यायचा. जाहिरात नाही, सुचवलेले व्हिडिओ नाहीत, कुणाचा संदेश येत नाही; निळ्या दुव्यावरून दुसऱ्या निळ्या दुव्यावर मूल मनसोक्त भटकते. विकिपीडिया मजकूर सेन्सॉर करत नाही, हे त्याचे जाहीर धोरण आहे. शरीराची रचना, मासिक पाळी, जन्म यांवरची पाने तिथे असणारच. मला ते गैर वाटत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलाला हे प्रश्न पडतातच, आणि त्यांची उत्तरे ज्ञानकोशाच्या शांत, सरळ भाषेत मिळाली तर चांगलेच.

बहिणीच्या घरी सध्या जुळवणी अशी आहे: फोनच्या मुळाशी १.१.१.३, वर फॅमिली लिंकची मंजूर यादी, आणि गावी आजीकडे जाताना किविक्स. मुलगी तेराव्या वर्षात गेली की मंजूर यादी काढून मधल्या पर्यायावर यायचे, असे दोघींनी आत्ताच बोलून ठेवले आहे.